बेलापूरचे पाणी व मुखप्रक्षालन

'बेलापूरला जातो' असे मुंबईकडील मंडळींस सांगितले की ती मंडळी खाडीपलीकडचे, नव्या मुंबईतील बेलापूर समजतात. उलटपक्षी, नगरकडून आगगाडीने येणारा नवखा प्रवासी 'बेलापूर' ही पाटी वाचून खाली उतरला, तर तो बेलापुरात न पोहोचता श्रीरामपुरात येऊन उभा राहतो. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला, तेव्हा स्टेशनास प्रवरेकाठच्या या जुन्या गावाचे नाव मिळाले. पुढे कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, उसावर साखर आली, आणि स्टेशनाभोवती श्रीरामपूर वाढून ते तालुक्याचे ठाणे झाले. मूळचे बेलापूर मात्र तेथून पाच-सहा किलोमीटर दक्षिणेस आपल्या जागी राहिले. पाटीवर एक नाव आणि पाटीखाली दुसरेच गाव, असा हा प्रकार आहे. केवळ पाटी वाचून उतरणाराची फसगत कशी होते, याचा दुसरा अनुभव आम्हांस याच प्रवासात, पण अगदी निराळ्या विषयात आला. तोच येथे सांगावयाचा आहे.

आमचे चुलतबंधू बेलापुरास असतात. गेल्या दिवाळीस सर्वांनी वडिलोपार्जित वाड्यात एकत्र जमावे, असे ठरले. आम्ही पुण्याहून निघालो, ते आम्ही उभयता आणि आमची सोळा वर्षांची नात. दौंड मागे टाकले, नगर गेले, राहुरी गेली, आणि गाडी प्रवरेच्या पुलावर आली तेव्हा आम्ही नातीस खिडकीपाशी बोलावून नदी दाखविली. ही रतनगडाच्या कुशीत उगम पावते. हिलाच जुने लोक अमृतवाहिनी म्हणतात. हिच्याच काठी खाली नेवाशास शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, इत्यादी पाठ आम्ही दिला. मुलीने तो ऐकून घेतला, पण तोंडावरची ओढणी काही बाजूस केली नाही. त्याचे कारण आम्हांस ठाऊक होते, आणि त्या कारणात आमचा वाटा होता.

गोष्ट अशी की, वर्षभरापासून मुलीच्या कपाळावर व गालांवर तारुण्यपीटिका उठत होत्या. तिच्या मैत्रिणी तिला निरनिराळ्या नळ्या आणि बाटल्या सुचवीत. आम्हांस हे मानवले नाही. ज्या घरात हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि आंबेहळद आहे त्या घरात बाटली कशास, असे आमचे मत होते, आणि ते आम्ही वाग्भटाच्या आधाराने मांडीत असू. अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात उद्वर्तनाची, म्हणजे उटणे चोळण्याची, प्रशंसा आहे. त्याने त्वचा अत्यंत प्रसन्न होते, असे तेथे म्हटले आहे. तेवढ्यावर आमची बुद्धी संतुष्ट झाली. पिठात मुलतानी माती, वर अर्ध्या लिंबाचा रस, असा लेप आम्ही स्वतः कालवून देत असू. तो चांगला वाळेपर्यंत ठेवावा आणि मग खरखरून काढावा, हीही आमचीच आज्ञा. महिना झाला. पीटिका कमी न होता तोंड लाल दिसू लागले. मुलगी म्हणे, "आजोबा, आग होते." आम्ही म्हणत असू, "मळ निघतो आहे, म्हणून आग होते."

बेलापुरात उतरलो तो दिवस बाजाराचा होता. दिवाळीच्या बाजारात पणत्या, बोळकी, लाह्या-बत्तासे यांच्या शेजारी उटण्याच्या पुड्यांची आणि साबणांची रास असतेच. मोती साबण महाराष्ट्रातील कित्येक घरांत दिवाळीच्या पहिल्या अंघोळीस आजही लागतो. आम्ही उटण्याच्या पाच पुड्या घेतल्या आणि, दुकानदाराने पुढे केली म्हणून, चंदनाचे चित्र असलेली एक स्वस्त वडीही घेतली. वेष्टनावरील अक्षरे वाचली नाहीत. चंदनाचे चित्र पाहिले आणि पैसे दिले.

नरक चतुर्दशीस पहाटे वाड्यात लगबग उडाली. बंब पेटला, पाट मांडले गेले, सुवासिक तेलाची वाटी फिरू लागली. तेल लावून मग उटणे, हा क्रम वहिनींनी सर्वांस पाळावयास लावला. परंतु मुलीने पीटिकांच्या भयाने तोंडास तेल लावू दिले नाही, आणि आम्ही तो हट्ट चालवून घेतला. कोरड्या तोंडास उटणे चोळले गेले, ते वाळले, नंतर तीच वडी, आणि वर आडातील पाण्याचे कढत तांबे. ओवाळण्याची वेळ झाली तेव्हा मुलगी माजघरातून बाहेर येईना. वहिनी आत जाऊन आल्या आणि आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, "भावजी, पोरीचं तोंड भाजल्यासारखं झालंय." आम्ही आत गेलो. दोन्ही गालांची साल ओढल्यासारखी, डोळ्यांखाली सूज, आणि डोळ्यांत पाणी. तिने भिंतीकडे तोंड केले. पन्नास मुलांच्या वर्गापुढे आमची जीभ कधी अडखळली नाही. त्या दिवशी मात्र आम्हांस शब्द सुचला नाही.

वाड्यात आमच्या मोठ्या काकू आहेत. वय नव्वदीच्या पलीकडे. त्यांनी मुलीस जवळ घेतले, रुईसारखा मऊ पंचा गार पाण्यात भिजवून तिच्या तोंडावर नुसता ठेवला, आणि आम्हांस विचारले, "तोंड कुठल्या पाण्यानं धुतलं?" आडाच्या, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, या आडाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. डाळीला पाणी आम्ही नदीवरून आणायचो. डाळीला जे चालत नाही ते पोरीच्या गालाला चालेल होय?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "आणि उटणं अंगाला असतं रे, हातापायाला. तोंडाला कुणी असं घासतं?"

काकूंचे हे डाळीचे प्रमाण आमच्या मनात रुतून बसले. आडाचे पाणी जड का आणि नदीचे हलके का, याचे उत्तर या प्रदेशाच्या भूमीत आहे. येथील खडक काळा, बेसाल्टाचा. त्यातून झिरपणारे पाणी चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन विहिरीत उतरते. त्यात कालव्यांची भर. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या दोन कालव्यांनी हा दुष्काळी मुलूख हिरवा केला, हरेगावास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, आणि या गावाचे नाव साखरेच्या व्यापारात दूरवर गेले. परंतु बारमाही पाणी काळ्या जमिनीत मुरत राहिले की भूगर्भातील पाण्याची पातळी वर येते. ते पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार मात्र मागे राहतात. दख्खनच्या कालव्यांखाली जमिनी चोपण व क्षारपड होण्याचे मूळ हेच. सिंचनाच्या प्रश्नांचा अभ्यास करण्यास मुंबई सरकारने 1916 साली एक खास विभाग काढला, तोच वाढत जाऊन आज खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाला आहे. म्हणजे ज्या पाण्याने या मुलखास अन्न दिले, त्याच पाण्याच्या मुरण्याने ठिकठिकाणच्या विहिरी मचूळ केल्या.

शाळेच्या पुस्तकांत अशा पाण्यास 'दुष्फेन' म्हणतात; ज्यात साबणाचा फेस नीट येत नाही ते. ज्यात येतो ते 'सुफेन'. हे शब्द आम्ही कित्येक वर्षे फळ्यावर लिहिले, पण ते कोणाच्या गालांवर उमटलेले कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरामपुरास त्वचारोगाच्या एका डॉक्टरीणबाईंनी दोन तास दवाखाना उघडा ठेवला होता, तेथे मुलीस नेले. त्यांनी शांतपणे सर्व विचारून घेतले. लिंबाचे नाव निघताच मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही पुढे होऊन, "लेप आम्हीच देत होतो," असे सांगून टाकले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. या वयातील पीटिका मळाने होत नाहीत. शरीरातील रसद्रव्यांच्या बदलामुळे त्वचेतील तेलाच्या ग्रंथी अधिक स्रवतात, त्यांची तोंडे बुजतात, आणि तेथे दाह होतो. घासून मळ निघत नाही, त्वचेचे वरचे रक्षक कवच मात्र निघते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. त्याचे मान साधारण साडेचार ते साडेपाच. साबण स्वभावतः अल्कधर्मी, नऊ-दहाच्या घरातला. लिंबाचा रस दोनच्या आसपास, म्हणजे अतिशय तीव्र आम्ल. आम्ही एका महिन्यात त्या मुलीच्या गालांस दोन्ही टोकांचा प्रहार केला होता.

पीटिकांचे औषध पुढे पाहू, असे म्हणून बाईंनी प्रथम तीनच गोष्टी लिहून दिल्या. सकाळी व रात्री सौम्य, साबणविरहित आणि सुगंधविरहित क्षालकाने तोंड धुणे. टिपून ओलसर असतानाच साधे मलम लावणे. दिवसा बाहेर पडताना उन्हापासून रक्षण करणारे मलम लावणे. बाकी सर्व बंद. लेप बंद, वाफ बंद, घासणे बंद. आमच्या नातीने विचारले, "एवढंच?" बाई म्हणाल्या, "एवढंच, पण रोज."

परत आल्यावर आमच्यातील मास्तर जागा झाला. काचेच्या तीन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत आडाचे पाणी, दुसरीत नळाचे, तिसरीत पिण्यासाठी यंत्रातून गाळलेले. त्या चंदनी वडीचा सारखा किसून घेतलेला कीस तिन्हींत टाकला आणि मुलीच्या हाती दिल्या. गाळलेल्या पाण्यात हलविताच बाटली फेसाने भरली. नळाच्या पाण्यात मध्यम फेस. आडाच्या पाण्यात फेस नाहीच; वर पांढुरका, नासक्या दुधासारखा साका आला आणि काचेस चिकटून बसला. क्षार आणि साबण यांच्या संयोगाने होणारा हा साका पाण्यात विरघळत नाही. तो काचेस चिकटतो तसाच कातडीसही चिकटतो, आणि मग मनुष्य 'अजून स्वच्छ झाले नाही' म्हणून आणखी साबण लावतो. इंग्लंडात शेफील्ड विद्यापीठ आणि लंडनचे किंग्ज कॉलेज येथील संशोधकांनी 2017 च्या सुमारास हेच तपासून पाहिले: दुष्फेन पाण्याने धुतल्यास क्षालकाचा अंश कातडीवर अधिक राहतो आणि दाह वाढतो. मुलीने बाटली उजेडात धरून पाहिली आणि प्रथमच हसली. म्हणाली, "आजोबा, हे माझ्या तोंडावर होतं?"

मग वडीचे वेष्टन केरातून शोधून वाचले. त्यावर बारीक अक्षरांत 'बाथिंग बार' असे होते. भारतीय मानकांप्रमाणे टॉयलेट सोप आणि बाथिंग बार हे दोन निराळे वर्ग आहेत. पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये एकूण स्निग्धद्रव्य निदान 76 टक्के असावे लागते. बाथिंग बारमध्ये ते 40 टक्के असले तरी चालते. हा अंक 'टीएफएम' या अक्षरांपुढे पुष्कळ वेष्टनांवर छापलेला असतो. चित्र चंदनाचे, आत दुसरेच काही. आम्हांस स्टेशनावरची पाटी आठवली.

त्या रात्री आम्ही अष्टांगहृदय पुन्हा उघडले. यावेळी आपले मत सिद्ध करण्यास नव्हे. दिनचर्येत उद्वर्तनाची स्तुती आहे ती सर्वांगाच्या मर्दनास उद्देशून, कफ व मेद यांच्या संदर्भात. तोंडाच्या लेपाचा विचार सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात स्वतंत्र केला आहे, आणि आमची दृष्टी तेथवर कधी गेलीच नव्हती. तेथे वाग्भट स्पष्ट सांगतो की, मुखलेप ओला आहे तोवरच ठेवावा. वाळलेला लेप कांती बिघडवितो. काढताना तो पुन्हा भिजवून काढावा, आणि त्यानंतर तेल लावावे. ऋतुपरत्वे सहा निराळे लेपही तो देतो, म्हणजे सर्व काळी सर्वांस एकच पीठ हे त्यास मान्य नाही. आणि कढत पाणी? ते खालच्या अंगास हितकर, मस्तकास नव्हे, हे तर त्या दिनचर्येच्या अध्यायातच होते. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले त्यातील निम्मे आमच्या घरातील पोथीत शेकडो वर्षांपासून लिहिलेले होते. आम्ही पोथीचे नाव घेतले, पोथी वाचली नाही.

ज्यांच्या घरी अशी वयात येणारी मुले-मुली आहेत, त्यांच्या उपयोगासाठी निवडीचे जे तारतम्य आम्हांस कळले ते येथे देतो. वस्तू नवी की जुनी, देशी की विलायती, हा प्रश्न दुय्यम आहे. 'हर्बल' किंवा 'नैसर्गिक' या शब्दांवर भिस्त ठेवू नये. लिंबू नैसर्गिकच आहे. घटकांची यादी वाचावी. 'सोडियम लॉरिल सल्फेट' हे फेस पुष्कळ देते पण नाजूक कातडीस तीव्र पडते. 'सोडियम कोकोइल आयसेथायोनेट' हे तुलनेने सौम्य, आणि साबणविरहित वड्यांत पुष्कळदा हेच असते. ग्लिसरीन असल्यास उत्तम. सुगंध नसलेला बरा. दाणेदार, खरखरीत असे काही असू नये. फेस कमी आला म्हणून वस्तू वाईट असे नाही. अशा क्षालकांचा एक गुण असा की, दुष्फेन पाण्यातही त्यांचा साबणासारखा साका होत नाही.

नवी वस्तू आणल्यावर दोन-चार दिवस कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावी. खाज किंवा लाली न आल्यास तोंडास लावावी. धुताना पाणी साधे किंवा किंचित कोमट. बोटांच्या अग्रांनी, अर्धा मिनिट, न चोळता. जेथे आडाचे वा कूपनलिकेचे पाणी जड असेल तेथे सर्व स्नानास गोडे पाणी आणणे शक्य नाही; पण शेवटी तोंडावर घेण्यास एक तांब्या गाळलेले पाणी कोणत्याही घरी निघू शकते. आणि परीक्षा एकच: तोंड टिपून दहा मिनिटे बसावे. कातडी ओढल्यासारखी, ताणल्यासारखी वाटली, तर ती वस्तू त्या तोंडास तीव्र आहे, मग तिची किंमत काही असो आणि ती कोणीही सांगितलेली असो. तोंड धुण्यापूर्वी होते तसेच निवांत वाटले, तर वस्तू योग्य. या परीक्षेत परीक्षक कोण? ज्याचे तोंड तो. आजोबा नव्हेत.

हे शेवटचे वाक्य लिहिणे आम्हांस सोपे गेले नाही. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांच्या शब्दास मान असतो, आणि तो असावा असेच आमचे मत अद्यापि आहे. परंतु 'आग होते' असे जिचे तिने सांगितल्यावर 'आग होणे चांगले' असे उत्तर देणे, हा वडिलकीचा उपयोग नव्हे. ती मुलगी महिनाभर आमचा शब्द राखीत होती. आम्ही तिच्या शब्दाची किंमत ठेवली नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही तिला घेऊन प्रवरेवर गेलो. नदीत त्या वेळी पाणी बेताचे होते. वरच्या धरणांतून केव्हा सुटेल त्यावर आता हिचे वाहणे अवलंबून असते. काकूंच्या काळची बारमाही धार राहिलेली नाही. काठावर बसून आम्ही तिला स्वच्छ शब्दांत सांगितले की, चूक आमची होती. ती काही वेळ बोलली नाही. मग तिने तोंडावरची ओढणी काढून खांद्यावर घेतली. गाल अजून लालच होते. तीन दिवसांत काय बरे होणार? ती म्हणाली, "आजोबा, ती बाटल्यांची गंमत पुण्यालाही करू या. आपलं पाणी कसलं आहे ते बघायचंय मला."

निघताना वहिनींनी फराळाचे डबे बांधून दिले. काकूंनी मुलीच्या गालावरून हात फिरविला नाही. हनुवटीस बोट लावून ते बोट आपल्या ओठांस लावले. स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभे असता नातीने त्या पाटीकडे बोट दाखवून एका नवख्या प्रवाशास समजावून सांगितले की, बेलापूर येथे नाही, तिकडे नदीकाठी आहे. सहा आठवडे झाले आहेत. क्षालकाची एक साधी, चित्र नसलेली बाटली आमच्या मोरीच्या फळीवर आहे. तोंडावरचा दाह निवळला आहे. पीटिकांवर डॉक्टरांचे औषध चालू आहे, त्यांस वेळ लागेल असे तेच सांगतात. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ स्वयंपाकघरात आपल्या डब्यात सुखरूप आहे, आणि त्याची पिठले-भाकरी उत्तम होते.